चारही चाकांचे नाना

कुणी गणपतीला मानतं, कुणी साईबाबांना, कुणी शेअर बाजाराला. आमचे नाना ट्रान्सफर केसला मानतात. ट्रान्सफर केस म्हणजे बदलीचं प्रकरण नव्हे. ती प्रकरणंही नानांनी पाटबंधारे खात्यात जन्मभर हाताळली, पण त्यांच्यावर त्यांची कधी श्रद्धा बसली नाही. ही ट्रान्सफर केस गाडीच्या गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून असते. इंजिनाची ताकद तिथवर येते आणि तिथून एक वाट मागच्या चाकांकडे जाते, एक पुढच्या. ही पेटी ज्या गाडीत आहे आणि ती चालवायला गिअरशेजारी दुसरा छोटा दांडा आहे, ती फोर-बाय-फोर. बाकी सगळ्या नानांच्या लेखी चार चाकांच्या स्कूटर.

नाना ओळखायला अगदी सोपे. पार्किंगमध्ये कुणाच्याही गाडीखाली वाकून बघणारा पांढऱ्या केसांचा गृहस्थ दिसला की ते नाना समजावेत. सोसायटीत नवी गाडी आली की लोक बोनेटवर हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, पेढे वाटतात. नाना पेढा तोंडात टाकतात, गुडघ्यांवर हात ठेवून गाडीच्या मागच्या बाजूला वाकतात आणि दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा गोळा आहे का, ते बघतात. नसला तर उठून नुसतं ‘अभिनंदन’ म्हणतात. असला तर विचारतात, ‘लो-रेंज आहे?’ नव्या मालकाला हे बहुधा ठाऊक नसतं. मग उरलेले पेढे वाटायचे राहून जातात.

नानांच्या स्वतःच्या गाडीत सगळं आहे. टू-एच, म्हणजे नुसती मागची चाकं. फोर-एच, म्हणजे चारही. फोर-एल, म्हणजे चारही आणि शिवाय ताकदीचा खास गिअर, तीच लो-रेंज, ज्यात गाडी मुंगीच्या पावलांनी पण रेड्याच्या जोराने चालते. शिवाय मागचं डिफरन्शियल लॉक होतं. अडचण एकच, नाना कोथरूडला राहतात. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलंय की चारही चाकांची व्यवस्था अधूनमधून चालवत राहावी, म्हणजे आतल्या भागांना तेल पोचतं. त्याच पुस्तिकेत असंही बजावलंय की कोरड्या, पक्क्या रस्त्यावर ती अजिबात चालवू नये. नाना दोन्ही आज्ञा पाळतात. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या रविवारी ते मोकळी माती शोधत हिंडतात. खोदलेला रस्ता दिसला की बाकीच्यांच्या कपाळाला आठी पडते, नानांच्या चेहऱ्यावर तेज येतं. महापालिकेने एखादी गल्ली जलवाहिनीसाठी उकरली की ती बातमी नानांना नगरसेवकाच्या आधी लागते. मागच्या वर्षी आमच्या मागचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा लोकांनी फटाके लावले होते. नाना तेव्हा खिडकी लावून आत बसले होते.

ह्या भक्तीचं मूळ फार जुनं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत नाना कालव्याच्या कामावर कारकून होते. खात्याची जीप होती. पुढे साहेब, मागच्या आडव्या बाकड्यावर मोजमापाची पुस्तकं मांडीवर घेतलेले नाना. पावसाळ्यात काळी माती अशी धरायची की माणसाची चप्पलही परत यायची नाही. जीप रुतली की चालक विडी विझवून खाली उतरायचा, पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेला हब हाताने फिरवायचा, आत येऊन छोटा दांडा खेचायचा, आणि जीप चिखलातून सावकाश, न घाबरता वर यायची. नाना सांगतात, साहेबाने सही केल्यावर फाइल हलते हे त्यांनी पाहिलं होतं, पण दांडा खेचल्यावर जमीन सोडते हे त्यांना तिथे पहिल्यांदा दिसलं. एकदा धीर करून त्यांनी चालकाला विचारलं, ‘मला एकदा ओढू द्या की.’ चालक म्हणाला, ‘रावसाहेब, हिशोब तुम्ही करा, गिअर मी टाकतो.’

हे वाक्य नानांनी निवृत्तीपर्यंत जपून ठेवलं. ग्रॅच्युइटीचे पैसे हातात आले तेव्हा मुलाचं मत होतं, छोटी ऑटोमॅटिक घ्या. सुनेचं मत होतं, सनरूफ असावं. वहिनींचं मत होतं, साडी नेसून चढता येईल अशी असावी. नानांनी सर्वांचं ऐकून घेतलं आणि दांडा असलेली गाडी घेतली. वहिनींसाठी एक प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं. ते स्टूल आजही मागच्या सीटखाली असतं आणि गाडीतली सर्वात जास्त वापरली जाणारी वस्तू तीच आहे.

नाना खरे रंगात येतात ते कुणी फोर-व्हील ड्राइव्ह आणि ऑल-व्हील ड्राइव्ह एकच आहे असं म्हटल्यावर. गेल्या वैशाखात एका लग्नात पंगतीला बसलो होतो. नवऱ्यामुलाचे मामा सहज म्हणाले, ‘आमचीपण फोर-बाय-फोर आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह.’ नानांनी पुरी खाली ठेवली. वहिनींनी माझ्याकडे बघून डोळे मिटले.

‘तुमची गाडी वळते का?’ नानांनी विचारलं.

मामा म्हणाले, ‘म्हणजे काय? वळते.’

‘मग हे बघा.’ नानांनी पानातल्या चार जिलब्या चार कोपऱ्यांना मांडल्या. ‘ही चार चाकं. गाडी वळताना बाहेरचं चाक मोठा फेरा घेतं, आतलं छोटा. दोघं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एकाला फरफटावं लागेल. म्हणून मधे डिफरन्शियल असतं. ते दोघांना आपापल्या वेगाने फिरू देतं. हे तुमच्या रिक्षालाही असतं. आता पुढचा मुद्दा. वळणावर पुढची जोडी मागच्या जोडीपेक्षा मोठा फेरा घेते. माझ्या गाडीत मी फोर-एच टाकलं की पुढचा आणि मागचा दांडा लोखंडाने एकमेकांना बांधला जातो. मधे सोडवणारं कुणी नाही. मातीत चालतं, कारण चाक इंचभर घसरतं आणि ताण सुटतो.’ इथे त्यांनी दोन जिलब्या श्रीखंडात फिरवून दाखवल्या. ‘पण कोरडं डांबर चाकाला घसरू देत नाही. मग ताण जाणार कुठे?’ एव्हाना त्यांनी पुढची आणि मागची जिलबी काकडीच्या फोडीने एकमेकींना जोडली होती. त्यांनी पानात उजवीकडे वळण घेतलं. जिलबी तुटली.

‘बघा!’ नाना इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या पंगतीतले लोक वळले. ‘स्टिअरिंग जड होतं, टायर ओरडतात, आणि दुर्लक्ष केलंत तर आतलं काहीतरी असंच तुटतं. म्हणून आम्ही डांबरावर टू-एचमध्ये असतो. ते आमचं आम्ही ठरवतो.’

‘आणि आमची?’ मामांनी विचारलं. चूक लक्षात आली होती, पण आता उठता येत नव्हतं.

‘तुमच्या गाडीत मधे एक क्लच आहे, नाहीतर तिसरं डिफरन्शियल आहे. त्यामुळे पुढची-मागची चाकं बांधलेली नाहीत, वळणावर भांडण नाही, डांबरावर बारा महिने चालवा. एरवी बहुतेक पुढचीच चाकं ओढतात. पुढचं चाक घसरलं की संगणकाला कळतं, संगणक क्लच दाबतो, मग मागच्या चाकांना थोडी ताकद जाते. तुम्हाला पत्ताही लागत नाही.’

‘मग चांगलंच आहे की.’

‘चांगलं?’ नानांचा आवाज खाली आला. ‘चाक घसरल्यावर निरोप जाणार! आणि लो-रेंज कुठाय? मोठ्या दगडावर एक चाक ठेवून सावकाश चढायचं तर कशाने चढाल?’

वाढपी जिलबी घेऊन आला. नाना म्हणाले, ‘वाढ, चार.’ वहिनी पलीकडून म्हणाल्या, ‘अहो, शुगर आहे तुम्हाला. दोनच चाकं खा.’

नानांचं वर्गीकरण असं स्वच्छ आहे, पण जगाने त्यात काही घोटाळे करून ठेवलेत. जीप त्यांना पाठ आहे. १९४१ ची विलीज, युद्धासाठी बनलेली. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत सुटे भाग जोडून बांधायला घेतलेली. पुढे १९८५ साली आलेली जिप्सी आणि तिच्यात बसणारी फौज. इथवर नाना सुखी असतात. पण मधेच, १९८० साली, ऑडीने क्वाट्रो आणली. चारही चाकांना सतत ताकद देणारी, डांबरावर धावणारी, रॅलीत भल्याभल्यांना मागे टाकणारी गाडी. ह्या प्रसंगाबद्दल नाना घरातल्या पळून गेलेल्या मुलाबद्दल बोलावं तसे, थोडक्यात आणि नाव न घेता बोलतात. त्यांच्या पुतण्याने एकदा विचारलं, ‘नानाकाका, १९७० ची रेंज रोव्हर कशात धरायची? चारही चाकं कायम चालू, मधे डिफरन्शियलही आहे, ते लॉकही होतं, आणि वर लो-रेंजही आहे.’ नाना बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘ती इंग्रजांची गाडी.’ आणि विषय संपला. आता तर पुढच्या चाकांना एक मोटर आणि मागच्यांना दुसरी अशा विजेच्या गाड्या आल्यात. २०२५ साली हॅरियरची तशी आवृत्ती आली तेव्हा नाना शोरूममध्ये जाऊन वाकले. खाली गोळा नाही, शाफ्ट नाही, ट्रान्सफर केस नाही. पुढच्या-मागच्या चाकांचा एकमेकांशी लोखंडी संबंधच नाही. सपाट बॅटरी. नाना उठले ते पाठीत उसण भरून.

ए विंगमधल्या डॉक्टरांकडे ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. डॉक्टरांना ती आपल्याकडे आहे हे नानांनी सांगितलं तेव्हा कळलं. त्यांनी गाडी रंग बघून घेतली होती. त्यांच्या गाडीत एक गोल बटण आहे, त्यावर ‘स्नो’ असाही एक पर्याय आहे. कोथरूडमध्ये बर्फ पडलाच तर डॉक्टर तयार आहेत. नानांना ही गोष्ट फार लागते. गाडी असणं ठीक, पण तिच्यात काय आहे हे माहीत नसताना ती मुकाट्याने आपलं काम करते, हे त्यांना सहन होत नाही.

खरं दुखणं मात्र निराळं आहे, आणि ते नाना चारचौघांत सांगत नाहीत. एका जुलैत ताम्हिणी घाटातून आम्ही नानांच्या गाडीने खाली उतरत होतो. दाट धुकं, मुसळधार पाऊस, डांबर ओलं, मधेच एखादा कोरडा पट्टा, वळणावर डोंगरातून वाहून आलेली माती, परत डांबर. नानांचा हात तीनदा छोट्या दांड्याकडे गेला आणि तीनदा परत आला. फोर-एच टाकावं तर पुढच्या वळणावर रस्ता पक्का लागतो; न टाकावं तर मागची दोन चाकं एकटीच ढकलतायत. डॉक्टरांची गाडी आमच्या पुढे होती. ती वळणं घेत निवांत गेली. नाना बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘असल्या रस्त्याला त्यांचीच बरी.’ मग लगेच काच खाली करून त्यांनी विनाकारण बाहेर बघितलं. महाराष्ट्रातला चार महिन्यांचा पाऊस बहुतेकांच्या वाट्याला असाच, डांबरावरूनच येतो. दांड्याचं राज्य जिथे सुरू होतं तिथे आपल्यापैकी फार थोडे जातात, आणि जे रोज जातात त्यांच्याकडे बहुधा बैल असतात.

नानांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस मनालीत उगवला. मनालीच्या वर बर्फ पडलं की पोलीस अटल बोगद्याच्या दिशेला फोर-बाय-फोर गाड्या किंवा चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्याच सोडतात. नाना पुण्याहून स्वतः गाडी चालवत गेले होते. नाक्यावर पोलिसाने काचेवर टकटक केली. ‘फोर बाय फोर है?’

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून नाना निम्मं आयुष्य थांबले होते. ते गाडीतून खाली उतरले. पाटबंधारे खात्याच्या हिंदीत म्हणाले, ‘है! पार्ट-टाइम है, लो-रेंज के साथ है, पीछे का डिफरन्शियल लॉक भी होता है. आपको नीचे से देखना है?’ पोलीस म्हणाला, ‘आगे बढ़ो, बाबूजी.’

पुढचं वहिनींकडून ऐकावं. गाडी बर्फावरून ऐटीत निघाली, चढावर न घसरता चढली. नानांनी आरशात बघून मागे अडकलेल्यांची कीव केली. मग उतार आला, वळण आलं, नानांनी ब्रेक दाबला, आणि गाडी चारही चाकांवर, एकदिलाने, सरळ जाऊन बर्फाच्या ढिगाला टेकली. चारही चाकांना ताकद असली की गाडी निघते चांगली. थांबताना सगळा भरवसा ब्रेकवर आणि रबराच्या पकडीवर, आणि ब्रेक तर डॉक्टरांच्या गाडीलाही चारही चाकांना आहेत. इतक्यात शेजारून एक जुनी अल्टो खुळखुळ करत गेली. पुढच्या दोन चाकांना साखळ्या, आत पाच माणसं, टपावर गॅसचा सिलिंडर. चालकाने नानांना हात केला. वहिनींनी परत हात केला.

आणि मग दापोलीकडचा किनारा. नानांचं आणि डॉक्टरांचं अशी दोन्ही कुटुंबं सुट्टीला गेली होती, मीही होतो. वाळूत गाडी घालू नये अशी पाटी होती. डॉक्टरांनी ती फोटो काढण्याच्या नादात वाचली नाही. ओल्या वाळूवरून गाडी ठीक गेली, कोरड्या भुसभुशीत वाळूत शिरली आणि बसली. डॉक्टरांनी अॅक्सिलरेटर दाबून धरला. मधला क्लच तापला, समोर दिवा लागला, आणि संगणकाने मागच्या चाकांची रजा मंजूर केली. भरती सुरू झाली होती.

नाना बातमी ऐकून उठले ते लेंग्यावरच. गाडीत टोचनचा दोर वर्षानुवर्षं घडी घालून ठेवलेला होता. त्याची घडी त्या दिवशी पहिल्यांदा मोडली. नानांनी वाळूच्या काठाशी गाडी थांबवली, फोर-एल टाकलं, आम्हाला ‘बघा आता’ असं म्हणाले आणि आत शिरले. डॉक्टरांच्या गाडीपासून दहा फुटांवर नानांची गाडी पोटापर्यंत बसली. चारही चाकं फिरत होती, हे मात्र कबूल केलं पाहिजे. चारही चाकांनी चार खड्डे अगदी सारखे खणले.

गावातून एक पोरगा ट्रॅक्टर घेऊन आला. त्याने दोन्ही गाड्यांकडे बघून एकच प्रश्न विचारला. ‘काका, चाकात हवा किती आहे?’

‘चौतीस,’ नाना म्हणाले. पुण्याहून निघताना त्यांनी मुद्दाम भरून घेतली होती.

‘अठरावर आणायची ना. टायर पसरतो मग. चौतीसला तो वाळू कापत खालीच जाणार.’ त्याने काडीने हवा सोडली, दोर अडकवला आणि पाच मिनिटांत आधी नाना, मग डॉक्टर असे दोघे बाहेर काढले. पैसे देऊन झाल्यावर नाना सवयीने ट्रॅक्टरसमोर वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. पुढच्या दोन्ही चाकांकडे काहीच जात नव्हतं. सगळी ताकद, सगळं वजन आणि सगळी नक्षी मागच्या दोन दांडग्या टायरांत. ट्रॅक्टर टू-व्हील ड्राइव्ह होता.

परतीच्या वाटेवर नाना मंडणगड येईपर्यंत बोलले नाहीत. चहाच्या टपरीवर कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, ‘दोर मात्र आपला होता.’

तर वाचकहो, गाडी घ्यायला निघाला असाल तर शोरूममधल्या पोऱ्याला ‘फोर-बाय-फोर आहे का’ एवढंच विचारून थांबू नका. लो-रेंज आहे का आणि कोरड्या डांबरावर चारही चाकं चालू ठेवता येतात का, हे दोन प्रश्न विचारले की समोर काय उभं आहे ते कळतं. शेताच्या बांधावरून, नदीच्या पात्रातून, दगडाधोंड्यांतून खरोखर जाणं असेल तर दांड्याची घ्या. घाट, पाऊस आणि सणासुदीला गाव एवढंच असेल तर ऑल-व्हील ड्राइव्ह पुरून उरेल. आणि ऑफिस, भाजी, मुलांची शाळा असेल तर साधी दोन चाकांवर चालणारी घ्या आणि वाचलेल्या पैशांतून उत्तम टायर बसवा. नानांना हे मत मान्य नाही. त्यांची बाजू ऐकायची असेल तर ते रोज संध्याकाळी सहा ते आठ पार्किंगमध्ये असतात; जाताना जेवून जावं.